पहिला पेला

पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वी एका राज्यात एक प्रधान होता. वीस वर्षे त्याने प्रजेला नुसत्या थापा मारल्या. शेवटी लोक असे खवळले, की राजाला त्याला काढावंच लागलं. पण अशी माणसं घरी बसतात होय! राजाने त्याला विद्यापीठाचा कुलपती करून टाकलं. ज्याने जन्मात एक पोथी धड वाचली नव्हती, त्याच्यापुढे मोठमोठे पंडित माना डोलवू लागले. एकालाही लाज वाटली नाही.

त्या विद्यापीठात म्हाळसाबाई नावाची म्हातारी वैद्यीण होती. चाळीस वर्षे रानोमाळ हिंडून तिने विषारी मुळ्यांवर ग्रंथ लिहिला होता. कोणती मुळी किती दिवस भिजवायची, कितीदा धुवायची, म्हणजे विष उतरून तिचं औषध होतं, ते सारं त्यात होतं.

इकडे कुलपतीला हुक्की आली, आपण ग्रंथकार व्हायचं. त्याने म्हाळसाबाईचा ग्रंथ वाचायला म्हणून मागवला आणि वर खुशाल आपलं नाव घातलं. भिजवण्या-धुण्याची पानं त्याला रटाळ वाटली. ती काढून त्याने तिथे स्वतःचं चरित्र घुसडलं!

म्हाळसाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक त्याच्याकडे गेली.

"नाव तुमचंच राहू द्या, पण ती पानं परत घाला. गावोगावचे वैद्य हा ग्रंथ नेतील. माणसं मरतील हो!"

"वय झालं बाई तुमचं," कुलपती हसला. "ग्रंथातलं तुम्हाला काय कळतंय?"

प्रकाशनाचा दिवस उजाडला. राजा आला. पंडितांनी टाळ्यांचा कडकडाट केला. तेवढ्यात म्हाळसाबाईने वाफाळता पेला कुलपतीपुढे ठेवला.

"हे काय?"

"इथली जुनी रीत आहे. औषधाचा ग्रंथ ज्याचा, त्याने पहिला पेला प्यायचा. तुमच्या ग्रंथात लिहिलंय तस्साच काढा केलाय."

कुलपतीला दरदरून घाम फुटला. त्याने पेला तिच्याकडे सरकवला. "आधी तुम्ही घ्या."

"मी कशी घेऊ? ग्रंथातलं मला काय कळतंय?"

"प्या," राजा म्हणाला.

"महाराज, हा ग्रंथ माझा नाही!" कुलपती किंचाळला. "हिनेच लिहिलाय! मी फक्त पानं काढली!"

म्हाळसाबाई पंडितांकडे वळली.

"आणि तुम्ही रे? ग्रंथ कुणाचा ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मग टाळ्या कसल्या पिटत होतात?"

राजाने कुलपतीला राज्याबाहेर हाकललं. काढलेली पानं पुन्हा ग्रंथात घातली. आणि टाळ्या पिटणाऱ्या प्रत्येक पंडिताला त्या ग्रंथाच्या शंभर नकला स्वतःच्या हाताने लिहायला बसवलं, वर म्हाळसाबाईच्या नावासकट.

तात्पर्य: दुसऱ्याच्या कष्टावर आपलं नाव घालणारा चोर असतोच, पण ते माहीत असून टाळ्या वाजवणारेही चोरच असतात.