साक्ष किती पुरते

डोंगरापलीकडे जायला महिना लागायचा, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट.

एका गावात पलीकडच्या मुलखातली काही कुटुंबं येऊन राहिली. त्यांच्याकडे ओळीने तीन वर्षं दुष्काळ पडला होता. ती माणसं दगड फोडायची, भिंती बांधायची. त्यांचा रंग, नाकडोळे, बोली, सगळंच वेगळं. गाव त्यांना काम द्यायचं, पण त्यांच्यात मिसळायचं नाही.

एके दुपारी त्यांच्यातला एक पाथरवट हैबतीच्या मळ्यातल्या पाटावर पाणी प्यायला वाकला. हैबती गावातला मोठा बागाईतदार. त्याने मागून येऊन पाथरवटाच्या डोक्यात दांडका घातला. तिसऱ्या दिवशी पाथरवट गेला.

गावात सात पंच होते. त्यांतले सर्वांत ज्येष्ठ गोमाजी वैद्य. पाथरवटाच्या डोक्याला पट्टी त्यांनीच बांधली होती. घाव मागून बसलाय, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

चावडीवर तीन साक्षी झाल्या. दोन त्याच्यासोबत असलेल्या पाथरवटांच्या, एक गावातल्याच शेळ्या राखणाऱ्या बाईची. तिघांनी एकच सांगितलं. हैबती म्हणाला, "मी तिथे नव्हतो."

"ते दोघे त्याचेच भाऊबंद. त्याच्याच बाजूने बोलणार," एक पंच म्हणाला.

"आपल्याला ती माणसं सगळी सारखीच दिसतात," दुसरा म्हणाला. "मग त्यांनाही आपण सारखेच दिसत असू. हैबतीच होता कशावरून?"

"आणि शेळ्यावाली लांब होती," तिसऱ्याने भर घातली.

गावाची रीत अशी होती की दोषी वाटला तर पंचाने मडक्यात उडीद टाकायचा, निर्दोष वाटला तर तांदूळ. गोमाजी उठले तेव्हा त्यांच्या मनात उडीद होता. मडक्यात पडला तो तांदूळ. मडकं उपडं केलं, तर सातही दाणे तांदळाचे. हैबती सुटला.

दुसऱ्या दिवशी पाथरवटाची बायको गोमाजींच्या दारात आली. ती रडली नाही.

"वैद्यबाबा, आणखी काय हवं होतं? सांगितलं असतं, तर आणलं असतं."

"पुरावा जरा कमी पडला, बाई."

"किती?"

ती थोडा वेळ थांबली आणि गेली. महिनाभरात ती सगळी कुटुंबं शेजारच्या गावी निघून गेली.

गोमाजींची झोप उडाली. नाडी धरली की त्यांना लोकांचं दुखणं कळायचं. स्वतःचं मात्र कळेना. त्या माणसांचा आपल्याला राग नाही. हैबतीचा आपल्यावर उपकार नाही. मग हात का फिरला?

त्यांनी इतर पंचांना विचारलं. राग कुणालाच नव्हता. एकाला हैबतीची म्हातारी आई डोळ्यांपुढे आली होती. एकाला वाटलं होतं, बाकीचे तांदूळच टाकणार, मग आपण वेगळं कशाला? गोमाजी आणखीच गोंधळले. वैर कुणाच्याच मनात नाही, मग झालं ते झालं कसं?

पुढच्या वर्षी हैबतीने गावातल्याच एका शेतकऱ्याला मारलं. शेतकरी वाचला, पण त्याचा उजवा हात कायमचा गेला. या वेळी साक्षीदार एकच, तीच शेळ्यावाली. दिवस मावळला होता आणि ती गेल्या वेळेपेक्षाही लांब होती. तरी पंचांनी फार विचार केला नाही. मडक्यात सात उडीद पडले. हैबतीला गाव सोडायचा हुकूम झाला.

हैबती भांबावून पंचांकडे पाहत राहिला. "गेल्या वर्षी माणूस मेला, तेव्हा तुम्ही मला घरी पाठवलंत. मला वाटलं, एवढं चालतं. हा तर जिवंत आहे. मग आजच मी गुन्हेगार कसा?"



गोमाजी म्हणाले, "तो निवाडा पुन्हा करू." बाकीचे म्हणाले, "झालेला निवाडा उकरायची रीत नाही." तेव्हा गोमाजींनी पंचपद सोडलं आणि ते शेजारच्या गावी गेले. पाथरवटाची बायको तिथे एक भिंत रचत होती.

"बाई, पुरावा कमी नव्हता. तुझा नवरा आमच्या गावचा असता, तर एक साक्ष पुरली असती."

तिने हातातला दगड खाली ठेवला. "हे तुम्हाला त्या दिवशी ठाऊक नव्हतं?"

"होतं की नव्हतं, तेच मला अजून उमजत नाही."

"मग मला कशाला सांगता? तुमच्या गावाला सांगा."

गोमाजी परतले आणि रोज चावडीवर बसून हे सांगू लागले. काही जण ऐकायचे, काही तोंड चुकवून जायचे. तो हात गमावलेला शेतकरी मात्र रोज येऊन बसायचा. एकदा तो म्हणाला, "त्या वेळी तुम्ही सातांनी त्याला अडवलं असतं, तर माझा हात राहिला असता."

पलीकडच्या मुलखातलं माणूस त्या गावात पुन्हा कधी राहायला आलं नाही.

तात्पर्य: आपल्यासाठी एक आणि परक्यासाठी दुसरं माप लावणारा पंच, मनात वैर नसलं तरी, अन्यायच करतो.