चौथ्या पायरीवरची मंदामावशी

“...तीन दिवसांचं काम पुसून टाकलं? बाईंनी? आणि मग तो पुण्याचा इंजिनियर रडत—”

लिफ्टचं दार लागलं. उरलेली बातमी खाली निघून गेली.

मंदामावशी जिन्यातच उभी राहिली. अर्धी बातमी म्हणजे घशात अडकलेला घास. तिनं घरात जाऊन ताज्या शेंगाचटणीची वाटी उचलली आणि समोरच्या दाराची कडी वाजवली. सोलापुरात चटणी घेऊन आलेल्या माणसाला कुणी दारातून परत लावत नाही.

समोर अचलेरकर बाई राहत. तंत्रनिकेतनात शिकवून निवृत्त झालेल्या. खेड्यापाड्यांतल्या वाचनालयांसाठी त्यांनी एक प्रोग्राम लिहिला होता. कुठलं पुस्तक कुणी नेलं, कधी परत आणलं, सगळं त्यात. फुकट, आणि वर आतून उघडा. कुणीही आत डोकवावं, कुणीही सुधारावं. साठ वाचनालयं त्यावर चालत होती. मावशी हे सगळ्या पाव्हण्यारावळ्यांत असं सांगायची, की ऐकणाऱ्याला वाटावं अर्धा हिनंच लिहिलाय.

पण बाईंची नजर आता अधू झाली होती. प्रोग्राम कुणाच्या तरी हाती सोपवायचा होता. त्यासाठीच हा निनाद बिडवे पुण्याहून आला होता.

आत पाहावं तर निनाद रडत वगैरे नव्हता. ताठ बसला होता, पुढ्यात लॅपटॉप.

“चालतोय, बाई. माझ्या मशीनवर तुमचा प्रोग्राम चालतोय.”

“दिसतंय.”

“तुमच्या सूचनांच्या पानावर लिहिलंय, अर्ध्या तासात बसेल. मला तीन दिवस लागले. सात ठिकाणी अडलं. सातही मी एकट्यानं फोडली. कुणालाही विचारलं नाही.”

“हुशार आहेस.”

“मग मघाशी ‘पुसून टाक’ का म्हणालात?”

बाईंनी मावशीच्या हातातली वाटी घेऊन टेबलावर ठेवली. मावशीनं कान टवकारले. म्हणजे बाई म्हणाल्या होत्या तर! पण पुसलं अजून नव्हतं...

“बाई, मी स्पष्टच विचारतो. प्रोग्राम माझ्या हाती देणार की नाही?”

“सात ठिकाणी अडलं म्हणालास. कुठं कुठं?”

“पहिलं चौथ्या पायरीवर. मग... पुढं कुठंतरी. हातासरशी करत गेलो. आता सगळं कसं आठवेल?”

बाईंनी मान हलवली. मग मावशीकडे वळल्या.

“मंदाताई, घाईत आहात?”

“मी? छे ओ! चटणी तेवढी द्यायला आले होते.”

हे बोलेपर्यंत ती खुर्चीत टेकलीसुद्धा होती.

बाईंनी कपाटातून एक कोरा लॅपटॉप काढला. त्यावर सूचनांचं पान उघडलं आणि तो मावशीपुढे ठेवला.

“वाचा. लिहिलंय तसं करा.”

“अहो, मी दहावी. तेही गणितात काठावर.”

“वाचता येतं ना?”

“ते येतं की.”

“पुरे.”

मावशीनं पदर खोचला. एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, पहिली पायरी झाली. दुसरी झाली. तिसरीला तर पडद्यावर ओळीच्या ओळी सरसर धावल्या आणि मावशीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सून बघायला हवी होती आत्ता! रिमोटला हात लावू देत नाही म्हातारीला.

चौथ्या पायरीवर सगळं लालभडक झालं.

मावशीचं बोट हवेतच राहिलं.

“मोडलं ओ बाई... माझ्याच हातनं मोडलं. नवा होता ना?”

“नाही मावशी, तुमचं काही चुकलं नाही!” निनाद उठलाच. “इथं आधी एक रिकामं फोल्डर बनवावं लागतं. पानावर ते लिहिलेलंच नाही. सरका, मी करतो, एका सेकंदाचं काम.”

त्याचा हात कळफलकाकडे गेला.

बाईंनी कळफलकावर आपले दोन्ही तळवे पालथे ठेवले. सगळ्या कळा झाकल्या गेल्या.

“बाई, मी फक्त—”

“मंदाताई,” बाई म्हणाल्या, “इथं आम्ही दोघं नसतो, तर काय केलं असतं?”

मावशीनं विचार केला. खोटं बोलायचं काही कारण नव्हतं.

“काय करणार? गपचूप बंद केला असता. म्हणाले असते, आपल्याला नाही जमत. आणि कुणाला सांगितलंही नसतं. लाज वाटते ओ.”

“माझ्याआधीही लोक आलेच असतील की,” निनाद हळू म्हणाला. “त्यांना हे अडलं नाही?”

“अडलं. सतरा जण पार झाले. वाचनालयांत तो बसवून देणाऱ्यांच्या यादीत नावं आहेत. सगळे तुझ्यासारखेच हुशार.”

“आणि कुणी पानावर लिहिलं नाही?”

“तू लिहिलंस?”

“आणि इथं अडून परत किती गेले, बाई?”

“मंदाताई काय म्हणाल्या, ऐकलंस ना?”

निनादनं मावशीकडे पाहिलं. ती अजून लाल पडद्याकडे बघत बसली होती, दुसऱ्याची बरणी फोडल्यासारखं तोंड करून.

“मावशींना कसं सांगू मग? हात लावायचा नाही...”

“सांग की. पानावर.”

त्यानं आपल्या लॅपटॉपवर तेच पान उघडून एक ओळ लिहिली. ती मावशीच्या पडद्यावर उमटली. मावशीनं वाचली, एका बोटानं टाइप केली. लाल गेलं. पुन्हा ओळी धावल्या.

“गेलं की ओ! बाई, गेलं!”

निनाद मात्र हसला नाही. पाचव्या पायरीकडे बघत होता. मग सहाव्या. पुढं कुठं काय केलं होतं, त्याला खरंच आठवत नव्हतं.

मग त्यानं स्वतःचा लॅपटॉप ओढला. चालत असलेला प्रोग्राम एकदा डोळे भरून पाहिला... आणि पुसून टाकला. तीन दिवस, साफ. पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. मावशीच्या एक पाऊल पुढं तो. जिथं पाय अडखळला, तिथं थांबायचा, एक ओळ लिहायचा, मग पुढं.

मध्येच मावशीचा फोन वाजला. खालच्या मजल्यावरची शैला.

“काय गं मंदा, कळलं का? बाईंनी त्याचं सगळं पुसलं म्हणे, आणि तो रडत निघून गेला?”

“पुसलं खरं. पण बाईंनी नव्हे, त्याचं त्यानं. आणि रडतोय कुठला, माझ्यापुढं बसून लिहितोय. ठेव फोन, मी कामात आहे.”

‘मी कामात आहे’ हे वाक्य ती शैलाला आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली असेल. जरा जोरातच म्हणाली.

एका जागी निनादनं लिहिलेली ओळ मावशीला कळली नाही. “हे काय लिहिलंय बाबा? हे वाचणार कोण?” त्यानं ती खोडली, साधी करून लिहिली. पुन्हा एके जागी तसंच झालं. तिसऱ्या वेळी त्यानं लिहिण्याआधीच मावशीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि ती ओळ एका दमात वाचली गेली.

चहा झाला. दुसरा चहा झाला. उन्हं गॅलरीतून सरकून भिंतीवर आली तेव्हा मावशीच्या पडद्यावर निळी चौकट उघडली. वर लिहिलं होतं, ‘नवीन पुस्तक नोंदवा’.

मावशी खुर्चीतून उठलीच.

“झालं! बाई, माझं झालं! मी केलं!” साठ वाचनालयांच्या वतीनं तिनं स्वतःचीच पाठ थोपटली. मग निनादकडे वळली आणि कमरेवर हात ठेवून मोठ्यांदा हसली. “हात्तिच्या! एवढंच होय? अरे, हे तर कुणालाही येईल! आणि तुला रे इंजिनियरा, तीन दिवस लागले?”

निनादचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. सातही गाठी त्यानं दोनदोनदा सोडवल्या होत्या आणि आता त्यातली एकही कुणाला दिसत नव्हती. काहीतरी सांगावं म्हणून त्यानं तोंड उघडलं. बाईंकडे पाहिलं.

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, आणि दोन्ही हात त्याच्यापुढे जोडले.

“अभिनंदन, निनाद. प्रोग्राम आता तुझ्या हाती.”