मासोळीचा पाहुणचार

एका जंगलाच्या कडेला एक जुना डाकबंगला होता. त्याच्या व्हरांड्यात, तिवईवर, काचेचे एक गोल भांडे होते आणि त्या भांड्यात एक सोनेरी मासोळी राहत असे. मासोळी मोठी लाघवी. आल्यागेल्याची शेपटी हलवून चौकशी करायची, त्यामुळे सगळ्यांचा तिच्यावर जीव. एकदा काय झाले, बंगल्याचा राखणदार भाचीच्या लग्नाला परगावी गेला. झाले! आता मासोळीचे कसे होणार, या काळजीने खार, साळुंकी आणि माकड व्हरांड्यात हजर झाले.

खारीने शेंगदाणे कुरतडून त्यांचा चुरा पाण्यात टाकला. साळुंकीने पिकली उंबरे आणली. माकडाने तर कुठून तरी अर्धी भाकरी पैदा केली आणि कुस्करून थेट भांड्यात लोटली. मासोळीचे पोट एवढ्याशा चुऱ्यानेच भरले होते. पण इतक्या मायेने आणलेल्याला नको कसे म्हणायचे? "वा, फारच छान!" ती म्हणाली. मग काय विचारता! तिघांच्याही अंगावर मूठभर मांस चढले आणि दुसऱ्या दिवशी ते दुप्पट खाऊ घेऊन आले.

उरलेले अन्न तळाशी कुजू लागले. पाणी आधी ताकासारखे गढूळ झाले, मग हिरवट, आणि मग त्याला वासही सुटला. मासोळीला श्वास घेणे जड जाऊ लागले. बिचारी वर येऊन हवेसाठी तोंडाची उघडझाप करू लागली. ते पाहून खार कळवळली. "अगं बाई, किती भूक लागलीय हिला! आ वासून बसलीय बघा!" लगेच आणखी घास आले. मासोळी जितका आ करी, तितके हे वाढत. हसू नका, मुलांनो! आग्रह करणाऱ्याला समोरच्याचे तोंड दिसते, पोट कुठे दिसते?

शेवटी मासोळी एका कुशीवर कलंडली. माकड भाकरीचा आणखी एक तुकडा घेऊन वाकले, तेव्हा मात्र तिने सगळी भीड सोडली. "नको!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. "मला भूक नाही, माझा जीव गुदमरतोय! तुमच्या घासांनीच हे पाणी नासलंय."

मासोळीला वाटले, संपली आपली मैत्री. पण खारीने कपाळाला हात लावला. "अगं वेडे, मग आधीच नाही का सांगायचंस? तुझ्यासाठी म्हणून मी इथे अर्धपोटी राहतेय!" हे ऐकून आधी माकडाला हसू फुटले, मग साळुंकीला, आणि हसत हसतच तिघे कामाला लागले.

माकडाने करवंटीने तळचा गाळ उपसला. साळुंकीने उंबरांची तरंगणारी साले चोचीने वेचली. खारीने शेपटीने काच लखलखीत पुसली. उत्साहाच्या भरात माकड सगळेच पाणी ओतून द्यायला निघाले, पण या वेळी मासोळी गप्प बसली नाही. "थांब रे माकडदादा! निम्मं जुनं पाणी राहू दे. एकदम सगळं नवं मला सोसणार नाही." माकडाने मुकाट्याने ऐकले आणि व्हरांड्यातल्या रांजणातले पाणी हलके हलके भांड्यात ओतले. मासोळीला हुशारी आली. तिने आनंदाने अशी काही गिरकी घेतली की तिघांच्याही नाकावर पाणी उडाले!

दुसऱ्या दिवशी साळुंकी आली ती विचारतच, "मासोळीताई, आज काय आणू गं?"

"आज काही नको," मासोळी म्हणाली. "बस जरा, गप्पा मारू."

साळुंकीला तेच तर हवे होते. ती जी बोलत सुटली, ती दिवेलागणीपर्यंत!

तात्पर्य : भीड ही भिकेची बहीण. आपल्या माणसांनाही वेळीच 'नको' म्हणावे, आणि वाढणाऱ्यानेही वाढण्याआधी एकदा विचारावे.