छबूताईंचा डबा

“...रिकामा डबा परत देऊ नये म्हणतात. मग यात भरू काय, आक्का?”

याच प्रश्नानं शर्वरीच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारी बाई, आणि अडली कुठं, तर एका स्टीलच्या डब्यापाशी.

मठातल्या म्हाताऱ्या आक्का शेंगा फोडत होत्या. “कुणाचा डबा?”

“छबूताईंचा. ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यात मला मऊ भात आणून दिला त्यांनी. अपघातात गेलेल्या कुणाचं तरी यकृत मिळालं होतं. एकच. त्याचा लहान भाग माझ्या मनवाला, मोठा त्यांच्या यजमानांना.”

“त्यांना विचारलं होतं?”

“डॉक्टरांनी विचारलं. ते म्हणाले, ‘द्या की लेकराला. मला एवढं काय करायचंय!’”

आक्कांनी पुढची शेंग उचलली.

“मी सगळे आकडे वाचून गेले होते, आक्का. असा लहान भाग मिळालेलं मूल अख्खं मिळाल्याइतकंच चांगलं जगतं. मोठ्या माणसाला मात्र वाटणीत धोका जरा जास्त. दोन्ही रकाने शेजारी शेजारीच होते.”

“मग?”

“मी माझाच वाचला.”

आक्कांनी हातातली शेंग फोडली.

“ते गेले. श्रावणात. अख्खं मिळालं असतं तर...”

“वाचले असते?”

“ठाऊक नाही. कुणालाच सांगता येणार नाही.”

“आणि पुन्हा तीच वेळ आली तर?”

शर्वरीनं सांडलेली टरफलं एका बाजूला गोळा केली.

“पुन्हा माझाच वाचेन.”

आक्कांनी हात झटकले. शर्वरीच्या पिशवीतला डबा त्यांनी ओढून घेतला. आत खडखडलं.

“रिकामा कुठाय हा?”

शर्वरीनं झाकण काढलं. इतके दिवस तिला धीरच झाला नव्हता. आत चिंचोके.

अंगणात लंगडी घालणारी मनवा धावत आली. “ते माझेत!”

“चिंचोके तुझे गं,” आक्का म्हणाल्या. “डबा छबूकाकूंचा. त्यांच्या घरी द्यायचाय. आणि रिकामा द्यायचा नसतो. तुझ्या आईला काही सुचेना. तू सांग.”

मनवानं डबा पोटाशी घट्ट धरला, नेमका व्रणावर. शर्वरीचा हात पुढं झाला, आणि तसाच राहिला...

मनवानं नीट विचार केला.

“अर्धे देईन,” ती म्हणाली. “अर्धे मला लागतात.”