मधल्या बैठकीचे दोघे

एका राज्यात राजाच्या वर कायदा होता आणि कायद्याची राखण थोरल्या सभेकडे होती. सभेत काही जण कुळाच्या मानाने बसत, काहींना राजाने गुण पाहून नेमलेले असे. उजवीकडे चाळीस, डावीकडे चाळीस. मधल्या बैठकीवर सात जण, ते कोणत्याच पक्षाचे नव्हते. त्या सातांचा एकमुखी होकार मिळाल्यावाचून नवा कायदा होत नसे.

राजा अंथरुणाला खिळला आणि करालक नावाचा मांत्रिक प्रधान झाला. त्याने सभासदांना एकेक काळा विडा दिला. ज्याने विडा खाल्ला त्याची सावली गळून पडली. मग करालकाने मान हलवली की ऐंशी हात एकदम वर जात. घरी ती माणसे भिंतीकडे तोंड करून बसत. पोटच्या पोरांना ओळखत नसत.

मधल्या पाचांनीही भीतीने विडा खाल्ला. उरले दोघे. एक शार्ङ्गदेव, कुळाच्या मानाने बसलेले वृद्ध सरदार. दुसरी सोनाई, राजाने नेमलेली सुईण.

करालकाने ठराव मांडला. राज्यात जन्मेल त्या प्रत्येक मुलाचा पहिला टाहो करालकाचा.

सोनाई उठली. "टाहो फुटला नाही तर मूल जगत नाही."

"ठाऊक आहे," करालक म्हणाला. "उद्यापर्यंत विचार करा."

उजव्या रांगेतून शार्ङ्गदेवांचा मुलगा जयकेतू बापाकडे पाहत होता, भिंतीकडे पाहावे तसा.

दोघे बाहेर आले. कमानीवर एक भारद्वाज पक्षी बसला होता. तो म्हणाला, "सावल्या सभेमागच्या कोरड्या बारवेत आहेत, तांब्याच्या हंड्यात. आत्ता उन्हातच उतरा. तीनदा मागणे होईल, तीनदा नाकारा. एकदा जरी रुकार दिलात तर वर येणे नाही."

दोघे पायऱ्या उतरू लागले. वर ऊन रणरणत होते, खाली अंगावर काटा येत होता.

पहिल्या टप्प्यावर उजव्या कोनाड्यातून आवाज आला. "शार्ङ्गदेवा, आमचा हो. तुझे कूळ सात पिढ्या गादीशेजारी बसेल."

"नको," शार्ङ्गदेव म्हणाले.

दुसऱ्या टप्प्यावर डाव्या कोनाड्यात तीन तान्ही बाळे रडत होती. "सोनाई, ही तुझ्या हातून दगावलेली. आमची हो, घेऊन जा."

सोनाई पायरीवर बसली. बराच वेळ ती ते रडणे ऐकत राहिली. प्रत्येकाचा आवाज तिने ओळखला. मग पदर तोंडाशी धरून म्हणाली, "नको."

तळाशी हंडा होता, तोंडाला काळा दोरा बांधलेला. आतून जयकेतूचा आवाज आला. "आबा, मला एकट्याला काढा. बाकीच्यांना कळू देऊ नका. एक सुटला की हंडा कायमचा मिटतो, पण मी तुमचा आहे ना?"

शार्ङ्गदेवांचा हात दोऱ्यापाशी जाऊन थांबला.

"सरदार," सोनाई हळूच म्हणाली, "मी तुम्हाला काही सांगणार नाही. मला मूल नाही."

"आबा, हो म्हणा."

"नाही, बाळा," शार्ङ्गदेव म्हणाले. "मी सगळ्यांना न्यायला आलोय."

दोघांनी मिळून हंडा उचलला आणि दगडावर आपटला. तांबे फुटले. सावल्या त्यांच्या घोट्यांना चाटून, थंडगार, पायऱ्यांवरून वर धावत सुटल्या. त्यातली एक क्षणभर शार्ङ्गदेवांच्या पायाशी रेंगाळली आणि मग तीही गेली.

ते सभेत पोहोचले तेव्हा करालकाच्या आसनावर नुसता अंगरखा पडला होता. अंगरख्यात कोणी नव्हते. त्याचा ठराव एकमताने पडला. आठवड्याने राजा उठून बसला.

पुढच्या सभेत नवा प्रधान निवडायचा होता. शार्ङ्गदेवांनी एक नाव सुचवले. जयकेतू उठला, त्याची सावली फरशीवर लांब पडली.

"आबांचा मान राखून सांगतो," तो म्हणाला, "हा माणूस मला पसंत नाही."

त्याने विरोधात हात वर केला. शार्ङ्गदेवांनी सुचवलेले नाव तीन मतांनी पडले, आणि हरलेला म्हातारा मधल्या बैठकीवर डोळे पुसत हसत राहिला.