दुसरा गिअर

"...म्हणजे ती राहणार की मी, एवढंच सांगा, बुवा."

कान्होबुवा मठाच्या ओट्यावर ऊन खात बसले होते. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत.

"ती कोण?"

"येसाक्का. दुसरं कोण?"

येसाक्का मठाची स्वयंपाकीण. नवरा गेल्यावर इथं आली ती इथलीच झाली. तिच्या हाताला चव होती आणि जिभेला धार. पंगतीत कुणी ताटात टाकलं, दारात कुणी चपला वेड्यावाकड्या काढल्या, की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू.

आणि निरंजन हा बुवांचा थोरला शिष्य. बुवांच्या मागं मठ आपल्याकडंच येणार, हे त्यानं मनाशी केव्हाच ठरवून टाकलं होतं. बुवांना विचारायचं तेवढं राहिलं होतं.

"तिच्या बोलण्यानं ध्यान लागत नाही," तो म्हणाला. "खाली गावात तिचा भाचा आहे. त्याच्याकडे पाठवा."

"कशातून पाठवू?"

मठाची जीप बंद पडली होती. घाटात तिचा दुसरा गिअर निसटायचा. वरच्या वस्त्यांतल्या आजाऱ्याला खाली न्यायला तेवढी एकच गाडी.

संन्यास घेण्याआधी बुवा ट्रक चालवायचे. रस्त्याच्या कडेला गिअरबॉक्स उघडून बसणारा माणूस.

"तू खोलून बांध गिअरबॉक्स," ते म्हणाले. "मी सांगतो तसा. जीप चालली की आक्काला तू म्हणशील तिथं सोडून येऊ. माझा शब्द."

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला... मग पुन्हा सुरू झाला.

गिअरबॉक्स ओट्यावर आला. खाली गोणपाट, शेजारी घमेल्यात रॉकेल, आणि रॉकेलात चाकं, बेअरिंगं, वॉशर. निरंजन जेवणावरून उठायचा तो थेट तिथंच येऊन बसायचा. कुणाला घालवायचं असलं की माणसाचे हात काय झपाट्यानं चालतात.

गिअरच्या चाकांमध्ये पितळी कड्या निघाल्या. काळवंडलेल्या, आतून बारीक रेषा असलेल्या. निरंजनाचा जीव खालीवर झाला. दर सोमवारी देवाची भांडी चिंच आणि राख लावून लखलखीत करणारा तो. काळं पितळ त्याला बघवेना.

बुवा त्या दुपारी वरच्या वस्तीवर गेले होते. येसाक्का कळशी घेऊन जाता जाता थांबली.

"पितळ दिसलं की घासायचंच का रे? देवाची घंटा हाय व्हय ती?"

"तुम्ही तुमचं पिठलं बघा, आक्का."

चिंच झाली, राख झाली. रेषांतलं काळं निघेना, तेव्हा त्यानं पॉलिशपेपर घेतला. कड्या बाहेरून चकचकीत झाल्या आणि आतून गुळगुळीत.

गिअरबॉक्स बांधला, जीपला चढवला. इंजिन सुरू झालं. पहिला गिअर पडला. दुसरा टाकायला गेला तर दात करकरले. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. निरंजनानं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

"उतरव," बुवा म्हणाले. "उघड पुन्हा."

"जे झिजलं होतं ते सगळं नवं घातलंय, बुवा. बाकीचं सगळं स्वच्छ केलंय."

"दिसतंय..."

पुन्हा उघडला. बुवांनी गिअरचं चाक मांडीवर घेतलं, त्यावर चकचकीत कडी दाबून बसवली आणि कडी फिरवली. कडी गरगर फिरली. चाक जागचं हललं नाही.

मग ते गोठ्यामागं गेले. तिथं जुना मोडका गिअरबॉक्स पडला होता. त्यातली काळपट कडी काढून आणली, पुसली, त्याच चाकावर दाबली. कडी फिरवली तशी चाकही तिच्याबरोबर फिरलं.

निरंजन बघत राहिला.

"ही मधे बसून काय करते?" बुवांनी विचारलं.

निरंजनानं काळपट कडी काढून आतल्या रेषांवर बोट फिरवलं.

"एक चाक फिरतं जोरात, एक हळू. तशीच भेटली तर दात मोडतात. ही आधी मधे जाते आणि घासते. दोघं एका चालीवर आली की गिअर पडतो. आवाज होत नाही."

"म्हणजे तिचा खरखरीतपणा..."

बुवा हात पुसत उठून गेले.

गोठ्यामागच्या जुन्या कड्या घालून गिअरबॉक्स पुन्हा बांधला. सकाळी जीप अंगणात उभी राहिली. येसाक्का गाठोडं घेऊन बाहेर आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. पुढच्या सीटवर बसली आणि गाठोडं मांडीवर घेतलं.

निरंजनानं पहिला टाकला. मग दुसरा. कसलाही आवाज न होता पडला. त्यानं अंगणाला फेरी मारली.

"पडला, बुवा. दुसरा पडला."

"अजून नाही," बुवा ओट्यावरून म्हणाले.

निरंजनाला काही कळेना. त्यानं जीप फाटकाकडे वळवली. मागचं चाक वाळत घातलेल्या मिरच्यांवरून गेलं. मिरच्या आक्कानं घातलेल्या. तिनं वळून पाहिलं आणि पुन्हा समोर बघत बसली.

जीप थांबली.

"आक्का, चाक मिरच्यांवरून गेलं."

ती काही बोलली नाही.

"तुमच्या मिरच्या, आक्का."

"तुझा मठ, तुझं अंगण," ती हलकेच म्हणाली.

अशीच शांतता त्यानं मागितली होती. आता मिळाली, तर त्याला ती सोसवेना. त्याला फार वाईट वाटलं, आणि स्वतःची लाजही वाटली. तो खाली उतरला, तिच्या बाजूला गेला, तिच्या मांडीवरचं गाठोडं उचललं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी नेऊन ठेवलं. परत येऊन तिच्यासमोर उभा राहिला.

"चुकलो, आक्का. राहा इथंच. आणि मला काहीतरी बोला."

येसाक्कानं पदर डोळ्यांना लावला. मग गाठोड्याकडे पाहिलं.

"ऑइलाच्या हातांनी धरलास व्हय रं? धुतलेली लुगडी हायत त्यात. जा, हात धू आधी. मग त्या मिरच्या येच. एक एक येच. आणि गाडी फाटकात लावत्यात व्हय, माणसांनी यायचं कुठनं?"

निरंजन हात धुऊन मिरच्यांजवळ बसला. वेचू लागला. आक्का खाली उतरली, त्याच्या डोक्याशी उभी राहिली आणि कुठली मिरची राहिली ते दाखवू लागली.

बुवांनी खांबाला पाठ टेकली. डोळे मिटले.

"आता पडला," ते म्हणाले.