आई वगळून सांगितलेली गोष्ट

अमेरिकेत एल्मर प्रुइट नावाचा एक नाटककार होता. नाटकं करता करता तो सिनेमे लिहू लागला. सिनेमा कंपनीचा मालक क्रान्झसाहेब कधी काही वाचायचा नाही, गोष्ट तोंडीच ऐकायचा. एकदा एल्मरची नवी गोष्ट ऐकून म्हणाला, “गोष्टीतली ती म्हातारी आई काढून टाक. तिला बघायला कोण येतंय? नाहीतर तू घरी जा.”

एल्मरचा सगळा जीव त्या आईत होता. तरी तो शांतपणे म्हणाला, “काढतो, साहेब. फक्त तिच्यावाचून गोष्ट कशी वाटते, ते एकदा तुमच्या तोंडून ऐकू द्या.”

साहेब खुशीत सांगू लागला. “पोरगा लढाईवरून परत येतो. घराचं दार वाजवतो. दार उघडतं...”

“कोण उघडतं, साहेब?”

साहेब थबकला. हळूच म्हणाला, “राहू दे रे तिला. पोराला बाहेर किती वेळ उभं ठेवायचं?”